चांदनीला रेंगाळणारी गाडी

"परत तिथंच," भाईदास म्हणाले आणि गुडघे टेकून रुळांशी वाकले.

कोकिळेनं चहाचा कप खिडकीत ठेवला. लोधीपुऱ्यातल्या त्यांच्या घराची वरची खोली आता खोली राहिलीच नव्हती. फळ्यांवर रूळ अंथरले होते, बुऱ्हाणपूरहून निघून नेपानगरला वळसा घालून परत येणारे. मधे पुठ्ठ्याचं चांदनी स्टेशन होतं. त्याची पिवळी पाटी भाईदासांनी स्वतः रंगवली होती. रिमोटवरची ती छोटी आगगाडी सगळीकडे सुसाट पळायची आणि चांदनी आलं की रेंगाळायची.

"रूळ पुसले का?"

"पुसले ना. स्पिरिट लावून पुसले."

कोकिळेला नवऱ्याचं फार कौतुक. जन्मभर मालगाडीचं इंजिन हाकलेले ते दांडगे हात आता नखाएवढी चाकं फिरवून बघत होते, तेही न वैतागता. नोकरीतही ते असेच. घरी ताट गार होऊन जायचं, पण मालगाडी म्हणजे चांदनीसारख्या स्टेशनात बाजूला थांबून मागच्या मेलला वाट देणारी, तिचा काय भरवसा, म्हणून त्यांनी कधी कुरकुर केली नाही. लाल सिग्नल तर एकदाही ओलांडला नाही.

रिटायर झाल्यावर मात्र त्यांनी अंथरूण धरलं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. काही विचारलं तर हूं नाही की चूं नाही. मग त्यांच्या मुलीनं, हिमानीनं, ही गाडी आणून दिली आणि गेलेला माणूस घरात परत आला. जेवताना बोलू लागला. चक्क भाजीला नावं ठेवू लागला. कोकिळा त्या दिवशी हसता हसता रडली होती.

आणि आता तिच्याच भावानं घोळ घातला होता. इच्छापूरचा ललित, केळीचा मोठा बागाईतदार, पण जिभेला हाड नाही. त्यानंही तसंच इंजिन आणलं आणि फोन केला, "दाजी, रविवारी सगळे येऊ राहिलो. तुमच्याच रुळावर आळीपाळीनं, घड्याळ लावून शर्यत लावू. माझी मेल आन् तुमची मालगाडी!"

भाईदास फोनवर हसले. जेवायला मात्र बसले नाहीत. सगळ्या पाहुण्यांसमोर हरले तर हा माणूस पुन्हा भिंतीकडे तोंड करील, अशी धास्ती कोकिळेला वाटली.

शेजारचा चेतन मोबाइल दुरुस्त करायचा. त्याला तिनंच बोलावून आणलं. चेतननं चांदनीजवळ जास्तीची वायर जोडली, रुळांचे सांधे पक्के केले, इंजिनाची मोटर बदलली.

"काका, करंट एकदम बराबर आहे. अब तर उडेल, पहा."

गाडी खरंच उडाली. पहिल्याच वळणावर डबे कलंडतात की काय असं वाटलं. कोकिळेनं टाळी वाजवली. पण चांदनी आली आणि गाडी पुन्हा दमल्यासारखी मंदावली.

"मी चालवून पाहू का एक बार?" चेतननं रिमोटसाठी हात पुढे केला.

भाईदासांनी रिमोट छातीशी धरला. "नाही. इंजिनावर ड्रायव्हर एकच."

चेतन गालातल्या गालात हसला. कोकिळेला मात्र त्यातही मोठेपणाच दिसला. अशी शिस्त हल्ली कुठं बघायला मिळते!

मग भाईदासांनी चांदनीच्या फळीला पाणसळ लावली. खाली पुठ्ठ्याची पट्टी सरकवून फळी सारखी केली. गाडी तरीही तिथं रेंगाळलीच.

रविवारी ललित केळीच्या फण्या घेऊन आला. बायको रंजिता बरोबर होती. हिमानीही आली. मावा जिलेबीचा पुडा सुटला आणि सगळे वरच्या खोलीत दाटीवाटीनं बसले.

"चला दाजी, होऊन जाऊ द्या," ललित हात चोळत म्हणाला.

"थांब. एकदा जवळून पाहू दे, नक्की कुठं अडते ती." भाईदासांनी चष्मा पुसला, चांदनीच्या पुठ्ठ्यापाशी गाल टेकवला आणि रिमोट कोकिळेपुढे धरला. "तू माझी असिस्टंट. बटण पुरं दाब. मी सांध्याकडे पाहतो."

रिमोट तिच्या हाती पहिल्यांदाच येत होता. तो तिला फुलासारखा धरावासा वाटला.

"ताई, झेंडी दाखव!" ललित ओरडला. रंजितानं त्याला कोपरानं ढोसलं.

कोकिळेनं इच्छादेवीचं नाव घेतलं आणि अंगठा दाबला. गाडी बुऱ्हाणपूरहून सुटली. सुरुवातीची चढण तिनं सहज ओलांडली. चांदनी जवळ आली, तरी कोकिळेनं अंगठा हलवला नाही. गाडी चांदनीच्या पाटीखालून सणसणत निघाली. जराही मंदावली नाही.

"गेली! गेली!" हिमानी किंचाळली. ललितचा आ वासलेलाच राहिला.

भाईदास मात्र ताडकन उठले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि दोन्ही हात वर गेले होते.

"कोकिळा, बाजूला घे! गाडी बाजूला घे!" ते जिवाच्या आकांतानं ओरडले. "मागून मेल येऊ राहिली!"