कॉफीमुळेच

वस्तरा गिऱ्हाइकाच्या कंठमण्याशी आला तसा थोरल्याने श्वास रोखून धरला. हल्ली एवढं केलं की हात निदान तेवढ्या जागेपुरता ऐकायचा. आज ऐकला नाही. पांढऱ्या फेसातून लाल ठिपका वर आला आणि पसरत गेला.

खुर्चीत कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानाचे मालक होते. सगळे त्यांना गोळीवाले म्हणत. डोळे न उघडताच त्यांनी विचारलं, "कापलंस?"

"खरचटलं जरासं." थोरल्याने तुरटी दाबून धरली. तुरटीही हलत होती.

बेसिनपाशी फण्या धूत असलेल्या धाकट्याने मान वळवली आणि पुन्हा फण्यांत घातली. त्याला सगळं दिसत होतं. थोरल्याची खुर्ची रिकामी असतानाही जुनी गिऱ्हाइकं 'आम्हाला कसली घाई' म्हणत बाकावर बसून राहायची, धाकटा मोकळा होईपर्यंत. दोघे भाऊ त्यावर एक अक्षर बोलत नसत.

दाराशी वडील उन्हाला बसले होते. त्यांचा उजवा हात मांडीवर आपला आपण चालू होता. अंगठा बोटांवर घासत, न दिसणारा दोरा वळत असावा तसा. डॉक्टरांनी त्याला कंपवात म्हटलं होतं. घरात ते नाव कोणी घेत नसे.

कॉफीचं खूळ थोरल्याच्या डोक्यात गोळीवाल्यांनीच घातलं होतं, याच खुर्चीत बसून. दिवसाकाठी कप-दोन कप कॉफी बरी, ते म्हणाले होते. लिव्हरला बरी, मधुमेहाला लांब ठेवते, माणूस तरतरीत राहतो. आणि ज्यांना कॉफीची सवय असते त्यांच्यात म्हणे कंपवातही जरा कमीच दिसतो. त्या 'म्हणे'वर त्यांनी चांगला जोर दिला होता. बेताने घ्यावी, हेही दोनदा सांगितलं होतं. थोरल्याच्या कानात उरलं ते फक्त कंपवाताचं. कॉफीची चव त्याला मुळीच आवडत नव्हती. तरी एकाचे दोन कप झाले, दोनाचे चार, आणि मग दुकानात थर्मास आला. तो काढा प्यावा तशी, तोंड वाकडं करून प्यायचा. झोप उडाली, छाती धडधडू लागली. हात आधी थोडा हलायचा, आता बराच हलायला लागला. आधी हलायचा तो कधीपासून, हे मात्र तो स्वतःलाही नीट सांगू शकला नसता.

दाढी आटोपली. गोळीवाले उठले, तेव्हा आरशाखालच्या थर्मासकडे त्यांचं लक्ष गेलं. त्यांनी तो उचलून हलवून पाहिला.

"हा सगळा तुझा एकट्याचा?"

थोरला टॉवेलची घडी करत राहिला. उत्तर धाकट्याने दिलं, दादा दुपारी परत भरून आणतो म्हणून.

"अरे शहाण्या, मी कपभर म्हणालो होतो, बादलीभर नाही. मीठ चांगलं म्हणून कोणी पोतं खातं का?" गोळीवाले मोठ्याने हसले. साधं कारण सापडल्याची सुटका त्या हसण्यात होती. "एवढी बैलाला पाजली तर बैलही नाचेल. आठ-दहा दिवस एकदम बंद कर. कॉफीचा कंप असला तर आपोआप जाईल."

गळ्यावरच्या तुरटीचा पांढरा डाग पुसता पुसता ते दारापर्यंत गेले. तिथे वडिलांना नमस्कार केला. वडिलांचा हात बघून त्यांचं हसू जरा मावळलं. वळून, आवाज उतरवून ते म्हणाले, "आणि नाहीच गेला, तर मग दाखवू एखाद्या मोठ्या डॉक्टरला. बघू."

ते गेल्यावर धाकट्याला एकदम वाचा फुटली. वहिनीसुद्धा हेच म्हणत होती, तो सांगत सुटला, रात्रभर घरात येरझारा घालतोस, तिलाही झोपू देत नाहीस. साधी गोष्ट, आणि आपण काय काय मनात आणत बसलो होतो. त्याने थर्मास उचलला आणि बेसिनपाशी जाऊन झाकण फिरवायला लागला.

थोरला आपल्याच खुर्चीत बसला. आठ-दहा दिवस त्याने मनातल्या मनात काढून पाहिले. पहिले दोन दिवस डोकं दुखेल. मग झोप येईल, गाढ, पूर्वीसारखी. धडधड थांबेल. हे सगळं त्याला सहज दिसलं. आणि मग ती सकाळ. बायको जागी व्हायच्या आत तो पलंगाच्या काठावर बसेल आणि हात समोर धरेल. त्या सकाळी पोटात कॉफीचा थेंब नसेल. दोष द्यायला काहीच नसेल.

"ठेव ते," तो म्हणाला.

धाकटा थांबला. "दादा, ऐकलंस ना ते काय म्हणाले? तुझा हात कॉफीमुळे हलतोय."

"हो ना. कॉफीमुळेच." थोरला इतक्या घाईने म्हणाला की धाकटा बघतच राहिला. "मी कुठे नाही म्हणतोय? कॉफीमुळेच हलतोय."

आरशाखालचा कप त्याने उचलला. एका हाताने जमेना, तेव्हा दुसरा खाली धरला आणि कप पुढे केला.

"ओत."

धाकट्याने त्या कपाकडे पाहिलं. मग दाराशी उन्हात बसलेल्या वडिलांकडे पाहिलं. तो जवळ आला, आणि त्याने कप काठोकाठ भरला.