मातीचा एलियुद

"खुंटे बुडवू नकोस, यारेली. किती वेळा सांगू?" ओडिलिया मॅडम म्हणाल्या.

यारेलीने मान डोलावली आणि मॅडम पुढच्या टेबलाकडे वळल्याबरोबर गालावर आणखी माती दाबली.

शाळेच्या शेवटच्या वर्षाच्या शिल्पकलेच्या वर्गात यंदा घोडे, फळं, संत असलं काही नव्हतं. डोंगरात सापडलेल्या बेवारस कवट्यांच्या प्लॅस्टरच्या प्रती सरकारी शवागारातून आल्या होत्या. तिथे हात कमी आणि कवट्या फार, म्हणून मॅडमनी हे काम अंगावर घेतलं होतं. पद्धत साधी होती. प्लॅस्टरवर जागोजागी रबराचे छोटे खुंटे चिकटवलेले असत. जिथे मांस जाड तिथे उंच, जिथे पातळ तिथे बुटके. त्यांच्या टोकापर्यंत माती भरत गेलं की गेलेल्याचा चेहरा वर येतो. आपल्या मनाचं काही घालायचं नाही, हाडं सांगतील तेवढंच करायचं. पोरंच ती. पहिल्या आठवड्यात त्यांनी एका कवटीला हेडमास्तरांचं नाव ठेवलं. पुढे चेहरे दिसू लागले तशी थट्टा बंद पडली.

यारेलीच्या वाट्याला आलेला माणूस चाळिशीचा होता. कपाळ रुंद, गालाची हाडं वर आलेली, दात झिजलेले. तिचा भाऊ एलियुद नाहीसा झाला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. कामावरून निघाला तो घरी आलाच नाही. तेव्हापासून आई दर रविवारी, मुलं अशीच नाहीशी झालेल्या इतर आयांबरोबर डोंगरात जायची. लोखंडी सळई जमिनीत ठोकायची, उपसायची आणि टोक हुंगायचं. वास आला की खणायचं. गेल्या महिन्यात प्रेतं पुरणाऱ्यांनी त्यांच्यातल्या एकीला तिच्याच दारात गोळ्या घातल्या. तरी पुढच्या रविवारी आई फडक्यात टोर्टिया, मक्याच्या पोळ्या, बांधून निघालीच.

"आता तरी घरी बस ना!" यारेली दार अडवून म्हणाली. "तुलाही मारतील ते."

"तो सापडला की बसेन," आई म्हणाली. "हो बाजूला."

त्या दिवसापासून यारेली चाळिशीच्या माणसाला एकोणिसाव्या वर्षात ओढत होती. तिने गाल भरले, केसांची रेघ खाली आणून कपाळ अरुंद केलं, हनुवटीला एलियुदची खळी दिली. हाडं नातेवाइकांच्या रक्ताशी ताडून खरंखोटं ठरवायला शवागारात वर्ष जातं, कधी दोन जातात. तेवढे दिवस आई घरी बसली, जिवंत राहिली, तरी पुष्कळ झालं. बुडालेले खुंटे मॅडमना दिसत नव्हते असं नाही. एकदा त्या तिच्या पाठीमागे बराच वेळ उभ्या राहिल्या. पण एलियुदही त्यांच्याच हाताखाली शिकलेला. त्या हात धुवायला गेल्या.

शनिवारी हॉलमध्ये टेबलांवर चेहरे मांडले आणि नातेवाइकांना बोलावलं. कोपऱ्यात मक्याच्या गोड पेजेचं पातेलं वाफाळत होतं, पण तिकडे कुणी फिरकत नव्हतं. आई एकेक चेहरा बघत आली आणि यारेलीच्या टेबलाशी थांबली. तिने दोन्ही हात मातीच्या गालांवर ठेवले. बोटं कपाळावरून फिरली, अंगठा खालच्या ओठावर जरासा दाबला गेला.

"एलियुद," ती म्हणाली. "माझं सोनं."

मग तिथेच खुर्ची ओढून, ते गाल तसेच धरून, ती हळू आवाजात रडू लागली. यारेलीचा जीव भांड्यात पडला. एवढ्या वर्षांत आईला रडताना तिने पाहिलंच नव्हतं.

रांगेतून एक म्हातारी पुढे आली. अंगावर काळी शाल, पायांत धुळीने माखलेल्या चपला. तिने आईच्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्हाला सापडला. देवाची कृपा म्हणायची." मातीच्या चेहऱ्याकडे तिने धड पाहिलंही नाही. दुसरीच्या मुलाला काय न्याहाळायचं? मग ती यारेलीकडे वळली.

"पोरी, आत आणखी आहेत का गं?"

"नाही, आजी. एवढेच. तुमचा कसा होता?"

"चाळिशीला टेकलेला. कपाळ हे एवढं रुंद. आणि गाल माझ्यावर गेलेले, असे वर." तिने आपल्या गालाच्या हाडावर बोट टेकवलं. "असो. बस चुकायची माझी, लांब जायचंय."

ती दाराकडे चालू लागली. यारेली तिच्याकडे बघत राहिली. ती हाडं तिने स्वतःच्या बोटांनी मोजली होती आणि मग त्यांच्यावर मूठमूठ माती लिंपली होती. हा त्याच म्हातारीचा मुलगा असेल किंवा नसेलही, पण कुणाचा तरी होताच. ज्याला कुणी डोंगरात पुरलं होतं, त्याला तिने भर वर्गात पुन्हा पुरलं होतं. तिला स्वतःची किळस आली.

ती आईसमोर गुडघ्यांवर बसली.

"आई, हात काढ. हा आपला एलियुद नाही. मीच त्याला तसा केलाय. आत दुसराच कुणीतरी आहे."

आईने हात काढले नाहीत. वाकून तिने त्या मातीच्या कपाळावर ओठ टेकवले.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "तू धाव, त्या म्हातारीला थांबव. तेवढा वेळ राहू दे त्याला माझ्याजवळ."