हॉलवेल घराण्याचे वारस

नीलकंठराव सहा महिन्यांसाठी लेकीकडे न्यूझीलंडमधल्या पुकेकोहे गावी आले आणि फिरायला जाता जाता तिथल्या जुन्या दफनभूमीत रमले. कोपऱ्यातला एक दगड हॉलवेल घराण्याचा होता, दीडशे वर्षांपूर्वी बोटीने येऊन रान तोडून शेती करणाऱ्यांचा. अक्षरं पार झिजलेली. सोबत आलेल्या त्यांच्या पत्नी सरोजताईंनी त्यांत चिमूटभर रांगोळी चोळली, तेव्हा कुठे नावं वाचता आली.

मग दर रविवारचा नेमच झाला. नीलकंठराव वहीत वंशावळ उतरवून घेत, आणि "अहो, कुणाच्या दारी रिकाम्या हाताने जाऊ नये," असं म्हणत सरोजताई दगडापुढे एक बेसनलाडू ठेवत.

बोटीच्या याद्या झाल्या, चर्चमधली लग्नांची पुस्तकं झाली, लायब्ररीतली जुनी वर्तमानपत्रं झाली. वंशावळ १९३१ सालाशी येऊन अडली ती अडलीच. इकडे परतीचं तिकीट आठवड्यावर आलं.

"घराण्यातलं एक तरी माणूस हयात असेल की. ही वही त्याच्या हातात देऊन सुटलो असतो," ते हळहळले आणि शेवटचा उपाय म्हणून त्यांनी दफनभूमीच्या कचेरीला मेल टाकला.

निघायच्या आदल्या दिवशी उत्तर आलं. लेकीने ते मोठ्याने वाचायला घेतलं.



"हॉलवेल यांचे वंशज नक्की आहेत, आमचा माळी त्यांना दर रविवारी बघतो: आजोबा वहीत काहीतरी लिहीत असतात, आणि साडीवर कोट घातलेल्या आजी निघताना दगडापुढे एक गोल पिवळा केक ठेवतात."