सात शिंगांचा रेडा

"बाबा, सात शिंगांचा रेडा कुठल्या फोल्डरमध्ये टाकू?" लेक तिच्या गेमच्या सर्व्हरवर माझ्या गोष्टींतले प्राणी घालत होती.

"खऱ्या प्राण्यांत. त्याच्यावर बसून मी भरलेली कृष्णा ओलांडलीय."

"मग थापांमध्येच," म्हणत तिनं तो उडत्या घोरपडीशेजारी ठेवला. माझ्या थापा आता परमुलखातली पोरं खेळणार होती. पण थापेला टोकणारं माणूस लागतं, आणि तिची आई तर गेल्या वर्षीच गेली.

खाली आणखी एक फोल्डर होतं, 'आई' नावाचं.

"यात काय आहे?"

तिनं रेडा पडद्यावर सोडला. तो पाण्यात शिरताच जुन्या रेकॉर्डिंगमधला बायकोचा आवाज आला, "पुरे हो. परवा पाचच शिंगं होती त्याला."

मी चष्मा पुसला. "आठवं शिंग लाव," म्हणालो. "बघू आता काय म्हणते."