गुलाबांच्या पुस्तकातला खून

न्यूझीलंडमधल्या डनीडन शहरात, ऊना आणि मोराग या बहिणींच्या घरात दुपारी चारला चहा आणि चहासोबत रहस्यकथा असायची. पण महिनाभर कुणीतरी ऊनाच्या प्रत्येक नव्या पुस्तकाच्या पहिल्याच पानावर पेन्सिलीने खुनी कोण ते लिहून ठेवत होतं. ते एकदाही चुकलं नव्हतं, याचाच तिला जास्त संताप होता.

"मोराग, माझे स्कोन खा हवे तेवढे, पण शेवट खाऊ नकोस!" ती थोरल्या बहिणीवर कडाडली.

"मी खुनाची पुस्तकं वाचतच नाही गं. तूच झोपेत लिहीत असशील," मोराग कप रिकामा करत म्हणाली.

म्हणून आज ऊनाने मुद्दाम गुलाबांच्या छाटणीचं पुस्तक मागवलं होतं. यात फार तर गुलाबांवरची मावा कीड मरणार होती. बंद पुडकं तिने मोरागसमोरच फोडलं आणि पहिलं पान उघडलं.

'धाकट्या बहिणीने. चहातून.'

"शुद्ध चावटपणा!" ऊना ओरडली. "गुलाबांच्या पुस्तकात बहीण आलीच कुठून? मी दुकानात तक्रार करणार!"

मोरागने आपल्या रिकाम्या कपाकडे पाहिलं. मग ऊनाच्या भरलेल्या कपाकडे.

"ऊना," ती हळूच म्हणाली, "आज चहा तू केलास ना?"