कातडं शाबूत राहिलं पाहिजे

कोल्ह्यासारख्या कायोटीनं आणखी एक कोकरू नेलं, तेव्हा ट्वायलानं नवऱ्याला बजावलं, "आज नवी रायफल घेतल्याशिवाय घरी यायचं नाही."

ऑरिन बंदुकांच्या दुकानात गेला. तिथं कॉफी पीत बसलेल्या म्हाताऱ्यांना विषयच हवा होता.

"दोनशे तेवीस कॅलिबरची घे. गोळी बारीक, विकायला कातडं शाबूत," व्हर्लिन म्हणाला.

"वायोमिंगच्या वाऱ्यात? ती गोळी शेजारच्या नेब्रास्कात जाऊन पडेल. दोनशे त्रेचाळीसची घे," ओडेल म्हणाला.

"हो, आणि कातड्याला भोक एवढं, की त्यातून तुझं डोकं जाईल."

ऑरिन रोज जायचा आणि रोज हात हलवत परतायचा. कोकरं कमी होत चालली. शेवटी ट्वायलानं बाजारातून एक गाढवीण आणून मेंढ्यांत सोडली. दुसऱ्या सकाळी कुंपणापाशी कायोटी गाढविणीच्या लाथांनी चेचून मरून पडला होता.

तिनं तो पिकअपमध्ये टाकला आणि गाडी थेट दुकानासमोर आणून उभी केली. म्हातारे कप घेऊन बाहेर आले. त्यांनी वाकून बराच वेळ पाहिलं.

"गाढव जरा जड पडतं, ट्वायला," व्हर्लिन हळहळला. "कातडं वाया गेलं."

"पण वाऱ्यानं नेम ढळत नाही," ओडेल म्हणाला.