पुतळ्याची मान

नव्या इजेक्शन सीटची चाचणी उत्तम पार पडली. पण साहेब, आता ती चाचणी झालीच नाही, असं धरून चला.

विमान पडायला लागलं की ही सीट वैमानिकाला बाहेर उडवते. त्यात त्याची मान मोडू नये म्हणून आम्ही सीटची उशी बदलली आणि आधी रबरी पुतळा बसवून उडवला. तो पॅराशूटनं बपेरा गावाजवळ, धान कापलेल्या बांधीत उतरला. मानेतलं यंत्र म्हणालं, सगळं ठीक. आता आमचे चाचणीप्रमुख अश्विनभाऊ हो म्हणाले, की उद्यापासून त्या सीटवर खरी माणसं बसणार.

आम्ही पोचलो तेव्हा बांधीची मालकीण कुंताबाई पुतळ्याला पदरानं वारा घालत होती. इकडे आलेल्याला आधी पाणी देतात. हा तर आभाळातून आला, म्हणून तिनं अख्खा गडवा दिला होता. गडवा रिकामा होता.

“मावशी, त्याले तोंडच नाही,” मी म्हणालो.

“मंग तोंड तुमीच काहून नाही बसवलं? बिचारा कवाचा मान दुखून राहिली म्हणते.”

“तोंड नाही तं म्हणते कसा?”

“छातीले कान लाव ना, बाबू.”

अश्विनभाऊ हसत वाकले, कान लावला आणि हसायचे थांबले. मग मी लावला. आत कुणीतरी हळू, अदबीनं म्हणत होतं, “सर, पुन्हा नको.”

आवाज अश्विनभाऊंचा होता. ते माझ्या शेजारी ओठ मिटून, स्वतःची मान धरून उभे होते.

सबब नम्र विनंती की, मान बरी होईपर्यंत पुतळ्यास वैद्यकीय रजा मंजूर व्हावी आणि तोवर सदर सीटवर कोणासही बसवू नये.